गीझर सुरू होताच शेगडीची ज्योत बसते : घरातील गॅसच्या पाईपचा व्यास नेमका कशावरून ठरवायचा?

उंबरठा (प्रश्न)

आमच्या घरात मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत गॅसचा अर्धा इंची लोखंडी पाईप बसवलेला आहे. काही वर्षे याच पाईपवर बाहेर ठेवलेल्या एलपीजी सिलिंडरमधून शेगडी आणि एक लहान गीझर चालत असे आणि तेव्हा कधीही तक्रार आली नाही. पुढे नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू घेतला, शेगडीचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोंडे) बदलून घेतले आणि जुन्या गीझरच्या जागी मोठा, म्हणजे २६ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर त्याच पाईपला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडला. तेव्हापासून गरम पाण्याचा नळ उघडला की शेगडीची ज्योत लगेच आखूड होते आणि गीझरही अधूनमधून बिघाडाचा संकेत दाखवून बंद पडतो.

मापे अशी आहेत. मीटरपासून टीपर्यंत ८ मीटर पाईप असून त्यात तीन एल्बो (काटकोनी वळणाचे जोड) आहेत. टीपासून शेगडीपर्यंत ६ मीटर व तीन एल्बो, तर टीपासून गीझरपर्यंत ४ मीटर व दोन एल्बो आहेत. शेगडीच्या चारही बर्नरची मिळून क्षमता ९ किलोवॉट आहे. पुढेमागे ६ किलोवॉटचे गॅसवर चालणारे कपडे सुकवण्याचे यंत्र त्याच टीजवळून तिसरी शाखा काढून जोडण्याचा विचार आहे.

ज्यांनी गीझर बसवला त्यांचे म्हणणे असे की गीझरच्या तळाशी अर्धा इंची आटे आहेत, म्हणजे अर्धा इंची पाईप पुरेसा आहे, आणि दोष गीझरमध्येच असावा. दुसऱ्या एकाने रेग्युलेटरचा दाब थोडा वाढवून घ्या असे सुचवले. भिंत फोडण्याची वेळ आलीच तर ती एकदाच यावी अशी इच्छा असल्याने, पाईपचा व्यास ठरवण्याचा हिशोब समजून घेऊनच काम काढायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नळीमाप

आपण मापे नीट दिली आहेत, त्यामुळे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही.

प्रथम आट्यांविषयी. उपकरणाच्या तोंडाशी असलेला व्यास फक्त एवढेच सांगतो की शेवटच्या हातभर जोडणीतून त्या उपकरणाला लागणारा गॅस जाऊ शकतो. तो गॅस मीटरपासून बारा-चौदा मीटर अंतर कापून येताना वाटेत किती दाब गमावेल, आणि त्याच पाईपमधून आणखी कोणाचा गॅस वाहतो आहे, याची त्या आट्यांना काहीच कल्पना नसते. पाईपचा व्यास चार गोष्टींवरून ठरतो : त्या तुकड्यातून ताशी किती घनमीटर गॅस जायचा आहे, अंतर किती आहे, वाटेत किती दाब गमावणे चालेल आणि वायू कोणता आहे.

ताशी घनमीटर काढणे सोपे आहे. उपकरणावरील पाटीवर लिहिलेल्या किलोवॉटला एका घनमीटर वायूतून मिळणाऱ्या उष्णतेने भागायचे. येथे पाटीवरचा ‘इनपुट’ म्हणजे उपकरणात शिरणारी उष्णता घ्यावी, पाण्याला मिळणारी नव्हे. तुमचा २६ चा आकडा इनपुटचाच आहे ना, हे एकदा पाहून घ्या. नैसर्गिक वायूचे निव्वळ उष्णतामूल्य दर घनमीटरला साधारण ९.५ ते १० किलोवॉट-तास असते. मी सुरक्षित बाजूने ९.५ धरतो. मग गीझरला ताशी २.७ घनमीटर, शेगडीला जवळपास १ घनमीटर आणि दोन्ही मिळून ३.७ घनमीटर लागतात. सुकवण्याचे यंत्र आल्यावर त्यात ०.६ ची भर पडून बेरीज ४.३ होईल. शेगडी आणि गीझर एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालणार नाहीत असे गृहीत धरून ही बेरीज कमी करण्याचा मोह होतो. अनेक घरांना मिळून गॅस पुरवणाऱ्या मोठ्या उभ्या पाईपसाठी अशी सूट देण्याची पद्धत आहे आणि ती रास्तही आहे. एका घराच्या आतल्या पाईपसाठी मात्र मी ती कधीच देणार नाही, कारण दोन्ही उपकरणे एकत्र चालण्याची वेळ रोज येते. तुमची तक्रार नेमकी त्याच वेळची आहे.

अंतर मोजताना सरळ पाईपच्या लांबीत जोडांचीही भर घालावी लागते. या आकाराच्या पाईपसाठी प्रत्येक एल्बोमागे अर्धा मीटर, आणि टीमधून प्रवाह काटकोनात वळत असेल तर त्यासाठी आणखी अर्धा मीटर धरतात. सर्वांत लांबचा रस्ता शेगडीचा आहे : १४ मीटर पाईप आणि सहा एल्बोंचे ३ मीटर, म्हणजे १७ मीटर. झडपा वगैरे धरून १८ मीटर समजू.

वाटेत गमावण्याचा दाब कमी दाबाच्या घरगुती जोडणीत सहसा १ मिलिबारपर्यंत ठेवतात. पुरवठा २० ते २१ मिलिबारचा असतो, त्यामुळे १ मिलिबार ही चैन नव्हे. एक मिलिबार म्हणजे पाण्याची जेमतेम १० मिलिमीटर उंची. एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर हा सगळा कारभार चालतो.

आता लोखंडी पाईपचा तक्ता. नैसर्गिक वायू, हवेच्या तुलनेत घनता ०.६, १८ मीटर लांबी आणि १ मिलिबार घट धरली, तर अर्धा इंची पाईपमधून ताशी सुमारे १.६ घनमीटर, पाऊण इंचीमधून ३.४ आणि एक इंचीमधून ६.५ घनमीटर गॅस जातो. सर्वांत लांब रस्त्याची पद्धत अशी की प्रत्येक तुकड्यासाठी तक्त्यातली हीच १८ मीटरची ओळ वाचायची आणि प्रवाह मात्र त्या त्या तुकड्याचा घ्यायचा. त्यानुसार मीटर ते टी या भागातून ३.७ जायचे आहेत, पाऊण इंची ३.४ वरच थांबतो, म्हणून तिथे एक इंची. टी ते गीझर २.७ साठी पाऊण इंची. टी ते शेगडी सध्याचा अर्धा इंची पाईप राहू द्यावा, त्याला काहीही झालेले नाही.

जुनापाना

नळीमाप यांची पद्धत बरोबर आहे, पण ती हात राखून मोजते, हे सांगितले पाहिजे. १८ मीटरच्या ओळीवरून मुख्य पाईप ठरवताना आपण असे मानतो की ३.७ घनमीटर गॅस शेवटपर्यंत एकत्रच वाहतो. प्रत्यक्षात तो पहिल्या साडेनऊ मीटरवर (८ मीटर आणि तीन एल्बो) फुटून दोन वाटांनी जातो. तुकड्यातुकड्याने घट मोजली तर चित्र बदलते.

मुख्य भागात पाऊण इंची पाईप घेतला, तर ३.७ च्या प्रवाहाला साडेनऊ मीटरमध्ये सुमारे ०.६ मिलिबार घट येते. पुढे गीझरच्या शाखेत, पाऊण इंचीच धरून, टीच्या वळणासह साडेपाच मीटरमध्ये २.७ च्या प्रवाहाला ०.२. एकूण ०.८. शेगडीच्या अर्धा इंची शाखेत साडेसात मीटरला ०.१५, म्हणजे एकूण ०.७५. दोन्ही एका मिलिबारच्या आत आहेत. एक इंची पाईपसाठी भिंतीत खोल खाच घ्यावी लागते, आटे पाडणेही जड जाते आणि जागा अडचणीची असेल तर एल्बो वळवायला पाना फिरत नाही. गरज नसताना मोठा पाईप टाकण्यात मला शहाणपण वाटत नाही.

ज्यांना तक्ता मिळत नसेल त्यांनी पोलचे सूत्र वापरावे : आतील व्यासाचा मिलिमीटरमध्ये पाचवा घात घ्या, त्याला मिलिबारमधल्या घटीने गुणा, वायूची सापेक्ष घनता आणि मीटरमधली लांबी यांच्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ काढा आणि ०.००७१ ने गुणा. ताशी घनमीटर मिळतात.

नळीमाप

तुकड्यांचा हिशोब मान्य आहे आणि आजच्या दोन उपकरणांपुरता तो मला खोडता येत नाही. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष वेधतो.

एक, सुकवण्याचे यंत्र जोडल्यावर मुख्य भागातून ४.३ घनमीटर जातील. पाऊण इंचीत तेथील घट ०.६ वरून ०.८ वर जाते आणि गीझरपर्यंतची बेरीज बरोबर १ मिलिबारला टेकते. कागदावर ही योजना पास होते, पण उद्या एखादा एल्बो वाढला किंवा पाईपच्या आतल्या बाजूस कापताना राहिलेली कड तशीच सोडली गेली, की ती नापास होते. तोच भाग एक इंची असेल तर घट पाव मिलिबारच्या आसपास राहते. प्रश्नकर्त्यांनी भिंत एकदाच फोडायची असे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी माझे मत एक इंचीच राहील. ज्यांचा पाईप भिंतीवरून उघडा जातो आणि ज्यांना तिसरे उपकरण कधीच जोडायचे नाही, त्यांनी पाऊण इंची टाकण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट पोलच्या सूत्राची. त्यात घर्षणाचा गुणक सर्व व्यासांसाठी एकच धरलेला आहे. लहान व्यासात घर्षण प्रत्यक्षात जास्त असते. परिणामी लहान पाईपच्या बाबतीत हे सूत्र फारच उदार होते. पाऊण इंची पाईपचा आतील व्यास २०.९ मिलिमीटर धरून १८ मीटरसाठी सूत्राने ४.३ घनमीटर येतात, तक्ता ३.४ सांगतो. अर्धा इंचीत तर १.६ च्या जागी २.१ मिळतात. एवढ्या फरकाने चुकीचा पाईप टाकला जाऊ शकतो. सूत्र वापरायचेच असेल तर येणाऱ्या उत्तरातून निदान चतुर्थांश वजा करावा.

सूत्रातला पाचवा घात मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. अर्धा इंचीवरून पाऊण इंचीवर गेल्यास आतील व्यास जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, छेदाचे क्षेत्रफळ पावणेदोन पट होते, पण वाहून नेण्याची क्षमता दुपटीच्या वर जाते. म्हणूनच ‘एक माप वर’ ही सूचना ऐकायला किरकोळ वाटली तरी तिचा परिणाम मोठा असतो.

चारबर्नर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मीटरजवळच्या रेग्युलेटरचा दाब तीन-चार मिलिबार वाढवून घेतला तर काम भागणार नाही का? घट तेवढीच आहे ना?

दाबमापक

चारबर्नर, हा उपाय वरकरणी सोपा दिसतो आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा सुचवला जातो, पण तो करू नये. पाईपमधली घट प्रवाह असतानाच होते. तीही प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या पटीत. गीझर बंद असताना आणि शेगडीचा एकच लहान बर्नर मंद आचेवर असताना घट जवळपास शून्य असते आणि वाढवलेला सगळा दाब त्या बर्नरच्या तोंडाशी येतो. २० मिलिबारसाठी बनवलेली नैसर्गिक वायूची उपकरणे युरोपीय मानकानुसार १७ ते २५ मिलिबार या पट्ट्यात तपासली जातात. २१ मध्ये चार मिळवले की आपण वरच्या टोकाला पोहोचलो. शिवाय प्रवाह पूर्ण थांबल्यावर रेग्युलेटर ज्या दाबाला बंद होतो तो दाब नेमलेल्या दाबापेक्षा आणखी थोडा वर असतो. ज्योत बर्नरवरून उचलली जाणे, पिवळी पडणे, अपुऱ्या ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड तयार होणे हे सगळे या वाटेवर येते. त्यातच मीटरजवळचा रेग्युलेटर पुरवठादाराच्या मालकीचा आणि मोहोरबंद असतो. त्याला हात लावण्याचा अधिकार घरमालकाला किंवा खासगी फिटरला नसतो.

दाब चढा ठेवून बारीक पाईपातून नेणे आणि उपकरणांजवळ दुसऱ्या रेग्युलेटरने उतरवणे ही एक रीतसर पद्धत आहे आणि लांब अंतरासाठी चांगलीही आहे, पण ती मुळापासून तशी आखावी लागते. साडेनऊ मीटरच्या भागासाठी तिची गरज नाही.

उंबरठा यांना माझी विनंती अशी की भिंत फोडण्यापूर्वी परवानाधारक फिटरकडून दाब मोजून घ्या. एकदा सर्व उपकरणे बंद ठेवून आणि एकदा सर्व पूर्ण क्षमतेने चालू ठेवून, मीटरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूस, गीझरच्या तोंडाशी आणि शेगडीच्या तोंडाशी अशी तीन ठिकाणी मापे घ्यावीत. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पाण्याची साधी नळीही या कामाला पुरते. केवळ बंद स्थितीतला दाब पाहून ‘दाब व्यवस्थित आहे’ असा निर्वाळा देणारे पुष्कळ भेटतात. त्या मापावरून पाईपच्या व्यासाबद्दल काहीही कळत नाही. अर्धा इंची पाईप असो वा पाव इंची, प्रवाह नसेल तर दोन्ही टोकांना सारखाच दाब दिसणार.

आणखी एक. मीटरच्या पाटीवर काय लिहिले आहे तेही कळवा.

उंबरठा

आपल्या सर्वांच्या सूचनांप्रमाणे मापे घेतली. गीझरच्या पाटीवरचा २६ किलोवॉट हा आकडा इनपुटचाच आहे. सर्व उपकरणे बंद असताना तिन्ही ठिकाणी दाब २१ मिलिबार होता. सर्व चालू केल्यावर मीटरच्या बाहेर १९.२, शेगडीच्या तोंडाशी १६.६ आणि गीझरच्या तोंडाशी १६ मिलिबार भरले. फक्त शेगडी चालू ठेवली तेव्हा तिच्या तोंडाशी २० च्या वर दाब होता. गीझरची शाखाही सध्या अर्धा इंचीच आहे, हे आधी लिहायचे राहिले होते. मीटरवर ‘जी २.५’ असे लिहिले आहे.

दोन शंका आहेत. मीटरच्या बाहेरच दाब २१ वरून १९.२ का होतो? आणि हाच पाईप एलपीजीवर इतकी वर्षे विनातक्रार कसा चालला?

दाबमापक

तुमच्या मापांनी गीझरवरचा आरोप मिटला. मीटर ते गीझर ३.२ मिलिबार घट आहे. हिशोब करून पाहिला : अर्धा इंची मुख्य भागात ३.७ च्या प्रवाहाला सुमारे २.४ आणि अर्धा इंची शाखेत २.७ च्या प्रवाहाला ०.८, म्हणजे बेरीज ३.२ च येते. इतके तंतोतंत जुळणे हा थोडा योगायोगही म्हणावा लागेल, कारण तक्त्यांमध्ये दहा टक्के इकडेतिकडे चालतेच. शेगडीच्या बाजूला हिशोबाने २.४ आणि ०.१५ मिळून सुमारे २.५ घट यायला हवी. तुमचे माप २.६ आहे. दोन्ही उपकरणांना १७ पेक्षा कमी दाब मिळतो आहे, म्हणजे ज्या पट्ट्यात त्यांची चाचणी होते त्याच्या खाली ती चालत आहेत. गीझरच्या आतील नियंत्रण कमी दाब ओळखून त्याला बंद करत असेल तर ते आपले काम चोख करत आहे.

मीटरबाबत. ‘जी २.५’ मीटरची कमाल क्षमता ताशी ४ घनमीटर असते. तुमची सध्याची गरज ३.७ आहे, म्हणजे मीटर जवळजवळ काठोकाठ चालतो, आणि अशा प्रवाहाला मीटर स्वतःच एक ते दोन मिलिबार दाब खातो. शिवाय प्रवाह वाढला की रेग्युलेटरचा दाबही किंचित उतरतो. तुमचे १.८ मिलिबार तिथे गेले. पाईपचा १ मिलिबारचा हिशोब मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे ही घट त्यात धरत नाहीत, पण उपकरणाला शेवटी मिळणाऱ्या दाबात ती दिसतेच. सुकवण्याचे यंत्र जोडले की गरज ४.३ होईल आणि ती या मीटरच्या मर्यादेबाहेर आहे. तेव्हा ६ घनमीटर क्षमतेचा ‘जी ४’ मीटर लागेल. त्यासाठी पुरवठादाराकडे वाढीव भाराचा अर्ज आताच करून ठेवा. पाईप एक इंची टाकून मीटर जुनाच राहिला तर निम्मेच काम होईल.

नळीमाप

एलपीजीच्या शंकेचे उत्तर वायूच्या गुणधर्मात आहे. सोयीसाठी एलपीजीतला एक प्रमुख घटक प्रोपेन धरतो. प्रोपेनच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीच पट उष्णता असते, त्यामुळे तेवढ्याच किलोवॉटसाठी पाईपमधून पाऊणपटही नव्हे, निम्म्याहून कमी घनफळ न्यावे लागते. उलट बाजूने प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आणि नैसर्गिक वायू हवेच्या ०.६ पट, म्हणजे जड वायूला ढकलण्यासाठी दाब अधिक खर्च होतो. पण घनतेचा परिणाम वर्गमूळाने होत असल्याने तो १.६ पटींवर थांबतो. गोळाबेरीज अशी की त्याच पाईपमधून त्याच घटीत प्रोपेनवर साधारण दीडपट किलोवॉट जातात. तुमचा आजचा संपूर्ण ३५ किलोवॉटचा भार प्रोपेनवर असता तर गीझरपर्यंतची घट ३.२ ऐवजी सव्वा मिलिबारच्या आसपास आली असती. त्यात तेव्हाचा गीझर लहान होता आणि एलपीजीचा मूळ दाबही नैसर्गिक वायूपेक्षा चढा असतो, म्हणून उणीव कधी जाणवली नाही.

वायू बदलताना जेट आठवणीने बदलतात, पाईपचा हिशोब मात्र पुन्हा कोणी मांडत नाही. माझ्या मते अशा तक्रारींचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

तांब्याचीनळी

विषय चालूच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे १५ मिलिमीटरची तांब्याची नळी आहे. अर्धा इंची लोखंडी पाईपलाही १५ मिलिमीटरच म्हणतात. तर मग वरचे आकडे मला जसेच्या तसे लागू होतील का?

जुनापाना

नाही, आणि येथे बरेच जण फसतात. तांब्याच्या नळीचे १५ मिलिमीटर हे बाहेरचे माप. तिचा आतील व्यास १३.६ च्या आसपास भरतो. लोखंडी पाईपचे १५ हे नुसते नाव आहे, आतून तो जवळपास १६ मिलिमीटर असतो. पाचव्या घातामुळे या अडीच मिलिमीटरांचा परिणाम असा होतो की ९ मीटर अंतरावर १ मिलिबार घटीत लोखंडी पाईप सुमारे २.४ घनमीटर नेतो, तर तांब्याची नळी दीडच. तुमच्यासाठी पाऊण इंचीच्या जवळची नळी म्हणजे २२ मिलिमीटरची. ती ९ मीटरवर ४.६ नेते.

नालीदार लवचिक स्टीलच्या नळीला तर यांपैकी कोणताच तक्ता लावू नये. तिच्या आतील वळ्यांमुळे घर्षण पुष्कळ वाढते आणि प्रत्येक उत्पादक आपल्या नळीचा स्वतंत्र तक्ता देतो. तोच वापरावा आणि वळणे मोजून घ्यावीत.

नळीमाप यांच्याशी मुख्य पाईपवरून मी वाद घातला खरा, परंतु जी २.५ मीटर आणि १९.२ हा आकडा पाहिल्यावर मीही उंबरठा यांना एक इंचीच सुचवेन. मीटरपाशीच एवढा दाब जात असेल तर पाईपमध्ये वाचवलेला प्रत्येक दशांश कामाचा आहे.

उंबरठा

मुख्य भाग एक इंची, गीझरची शाखा पाऊण इंची आणि शेगडीची शाखा आहे तशी, असे ठरवले आहे. मीटरसाठी अर्जही दिला आहे. जुना अर्धा इंची मुख्य पाईप भिंतीत पूर्णपणे गाडलेला आहे. तो तसाच ठेवून नव्या पाईपला समांतर जोडला तर क्षमता आणखी वाढेल का, की काढूनच टाकावा लागेल?

दाबमापक

समांतर जोडू नका. अर्धा इंची पाईप एक इंचीच्या क्षमतेत फार तर चतुर्थांशाची भर घालेल. आजच्या भाराला एक इंचीतली घट मुळात ०.२ मिलिबारच्या आत आहे, तेव्हा ती भर तुम्हाला कधी जाणवणारही नाही. त्याबदल्यात भिंतीत दडलेले जुने जोड कायम दाबाखाली राहतील आणि पुढे गळती शोधायची वेळ आली तर दोन वाटांपैकी कोणती दोषी हे ओळखणे कठीण होईल. जुना पाईप दोन्ही टोकांना मुख्य जोडणीपासून तोडून, आतील गॅस बाहेर काढून, दोन्ही तोंडे आट्यांच्या टोपणाने बंद करावीत. तो भिंतीतून उपटण्याची गरज नाही. नुसती झडप बंद करून ठेवणे हा पर्याय नव्हे, कारण झडपा कालांतराने पाझरतात आणि कोणीतरी नकळत उघडतोही.

नवा पाईप भिंतीतून आरपार जातो तिथे त्याला बाहेरून बाही (पाईपभोवतीची संरक्षक नळी) घालावी, आणि आटे असलेला जोड शक्यतो भिंतीच्या आत येऊ देऊ नये. प्लॅस्टर करण्यापूर्वी फिटरने उपकरणांची जोडणी सोडवून गळतीची चाचणी घ्यावी, उपकरणे जोडल्यावर ती पुन्हा घ्यावी आणि मगच पाईपमधली हवा काढून गॅस भरावा. गीझरच्या शाखेवर त्याच्या हाताशी येईल अशी स्वतंत्र झडप ठेवा. २६ किलोवॉटच्या गीझरचा धूर थेट बाहेर नेणारी नळी शाबूत आहे ना, हेही त्याच दिवशी तपासून घ्या. इतके महिने तो कमी दाबावर चालला आहे, तेव्हा बर्नर आणि उष्णता-विनिमयकावर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) काजळी धरली आहे का ते फिटरला उघडून पाहायला सांगा.

काम पूर्ण झाल्यावर तीच तीन मापे पुन्हा घ्या. मीटर बदलेपर्यंत त्याच्या बाहेर १९ च्या आसपासच दाब दिसेल, पण गीझरच्या तोंडाशी साडेअठरापेक्षा कमी आला तर कुठेतरी पाईपमध्ये कचरा किंवा अर्धवट उघडी झडप आहे असे समजून प्लॅस्टर थांबवा.